कॉम्प्युटर दिवसेंदिवस स्लो होत चाललाय? फॉरमॅट मारण्याआधी हे तपासा

दुरुस्तीच्या टेबलावर सगळ्यात जास्त येणारी तक्रार ठरलेली आहे: “घेतला तेव्हा मस्त पळायचा, आता नुसतं चक्र फिरत बसतं.” सोबत निदान तयार असतं, “व्हायरस असेल”, आणि इलाजही तयार असतो, “फॉरमॅट मारून द्या.” फॉरमॅट मारला की मशीन दोन-तीन महिने बरं चालतं, हे खरंच आहे. पण त्यात झालेलं काय असतं? डिस्क रिकामी झाली आणि नको असलेले प्रोग्राम गेले, एवढंच. दुखणं जर मरायला टेकलेल्या हार्ड डिस्कचं असेल, कमी रॅमचं असेल किंवा धुळीने कोंडलेल्या पंख्याचं असेल, तर ते जिथल्या तिथे राहतं. म्हणून माझ्याकडे मशीन आलं की आधी अडतंय कुठे ते बघायचं आणि फॉरमॅटचा विषय सगळ्यात शेवटी काढायचा, असा क्रम आहे. तोच इथे देतोय. बहुतेक तपासण्या फुकटातल्या आहेत आणि घरी बसून होतात.

हे सगळं विंडोज १० किंवा ११ असलेल्या डेस्कटॉप-लॅपटॉपसाठी आहे, आणि हळूहळू मंदावत गेलेल्या मशीनसाठी. काल संध्याकाळपर्यंत ठणठणीत असलेला कॉम्प्युटर आज सकाळी एकदम हलेनासा झाला असेल, तर बाकीचं सोडा. आधी कामाच्या फाइली दुसरीकडे कॉपी करा आणि सरळ खालच्या डिस्कच्या भागाकडे जा.

लक्षणं

नुसतं “स्लो आहे” म्हणून भागत नाही. कधी आणि कशावर स्लो होतो, यावरून अर्धं निदान होतं.

- चालू केल्यावर डेस्कटॉप दिसतो, पण पुढची पाच-दहा मिनिटं काहीच उघडत नाही; नंतर जरा बरं चालतं. इथे संशय स्टार्टअपच्या गर्दीवर आणि जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कवर.
- ब्राउझर एकटा असला की ठीक, पण सोबत टॅली किंवा एक्सेल उघडलं की माउससुद्धा अडखळतो. रॅम कमी पडतेय.
- सकाळी बरा, दुपारनंतर मंद, पंखा घरघरतो, खालचा भाग चटका बसेल इतका तापतो. उष्णता.
- दिवसभर, काहीही केलं तरी सारखाच मंद, पंखासुद्धा शांत. हे विचित्र वाटतं, पण अशा वेळी चार्जर किंवा पॉवर सेटिंग बघायचं.
- ठरावीक फोल्डर किंवा फाइल उघडताना मिनिटभर अडकतो, एरवी ठीक. डिस्कवर बॅड सेक्टर, म्हणजे वाचता न येणारे खराब तुकडे, असण्याची दाट शक्यता.
- फक्त वेबसाइट उघडायला वेळ लागतो, पण वर्ड झटकन उघडतं. कॉम्प्युटरचा दोष नाही. मोबाइलचा हॉटस्पॉट लावून बघा. फरक पडला तर वायफाय किंवा इंटरनेटवाल्याकडे तक्रार करा.

आधी टास्क मॅनेजर

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबा. मशीन स्लो झालेलं असतानाच हे करायचं. सगळं सुरळीत असताना बघून काही कळत नाही. वर सीपीयू (म्हणजे प्रोसेसर), मेमरी (म्हणजे रॅम), डिस्क असे रकाने आणि त्यांचे टक्के दिसतात. ज्या रकान्याचा आकडा शंभरच्या आसपास चिकटून बसलाय, तिथे अडतंय. त्या रकान्याच्या नावावर क्लिक केलं की सगळ्यात जास्त खाणारा प्रोग्राम यादीत वर येतो.

डिस्कचा रकाना नीट समजून घ्या, कारण बहुतेक जुन्या मशीनचं रहस्य तिथेच असतं. डिस्क शंभर टक्के दाखवते, पण शेजारी वेग बघावा तर सेकंदाला एक-दोन एमबी. मग शंभर टक्के कसले? फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कमध्ये वाचणारं डोकं प्रत्येक तुकड्यासाठी जागा बदलतं आणि तबकडी फिरून तो भाग खाली येईपर्यंत थांबतं. लॅपटॉपमधली डिस्क साधारणपणे मिनिटाला ५४०० फेरे घेते. इकडेतिकडे विखुरलेले छोटे तुकडे अशा डिस्कला सेकंदाला शंभराच्या आतच वाचता येतात. विंडोज सुरू होताना नेमकं हेच हवं असतं: हजारो छोट्या फाइली, सगळ्या वेगवेगळ्या जागी. म्हणजे डिस्क बिघडलेली नसली तरी बिचारी दमलेली असते. परफॉर्मन्सच्या पानावर डिस्क निवडली की ती एचडीडी (अशी फिरत्या तबकडीची) आहे की एसएसडी (चिपवर साठवणारी, न फिरणारी) तेही लिहिलेलं दिसतं. हे एकदा बघून ठेवा, पुढे लागणार आहे.

रिस्टार्ट, शटडाउन नव्हे

“रोज बंद करतो की!” असं सांगणारे बरेच असतात, आणि ते खरं बोलत असतात. पण विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आली आहे. ती चालू असली की शटडाउन केल्यावर विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर (आतले-बाहेरचे भाग चालवणारे छोटे प्रोग्राम) पूर्ण बंद होत नाहीत; त्यांची स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि दुसऱ्या दिवशी तीच उचलली जाते. एखादा ड्रायव्हर हळूहळू मेमरी खात सुटला असेल तर तो आठवडेच्या आठवडे तसाच राहतो. रिस्टार्ट केल्यावर मात्र सगळं खरोखर नव्याने सुरू होतं.

टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर सीपीयू निवडा, खाली ‘अप टाइम’ दिसेल. तिथे वीस-पंचवीस दिवसांचा आकडा असेल तर आधी रिस्टार्ट करा आणि मग बाकीचं बघा. अपडेट अर्धवट अडकलेलं असेल तर तेही याच वेळी मार्गी लागतं, म्हणून पहिल्या रिस्टार्टला जास्त वेळ लागला तरी मध्येच बटण दाबून बंद करू नका.

स्टार्टअपची गर्दी

टास्क मॅनेजरमध्येच स्टार्टअप ॲप्सचं पान आहे. प्रत्येक नवं सॉफ्टवेअर गुपचूप इथे आपलं नाव घालतं: चॅटची ॲप, गेमचे लाँचर, टॉरेंट, प्रिंटरची शाई किती उरली ते सांगणारा प्रोग्राम, मोबाइल जोडण्याचं सॉफ्टवेअर आणि दहा प्रकारचे अपडेटर. मशीन वर्षागणिक मंदावण्याचं हे सगळ्यात साधं कारण. नावावर राइट क्लिक करून डिसेबल करा. सॉफ्टवेअर जात नाही, फक्त आपोआप सुरू व्हायचं थांबतं. हवं तेव्हा तुम्ही उघडू शकता.

काय बंद करू नये? विंडोज सिक्युरिटी, साउंड आणि टचपॅडचे ड्रायव्हर. सीए ऑफिसात किंवा ई-सेवा केंद्रात असाल तर डिजिटल सहीच्या टोकनचं सॉफ्टवेअर आणि अंगठ्याच्या मशीनची आरडी सर्व्हिस यांनाही हात लावू नका, नाहीतर सकाळी गिऱ्हाईक रांगेत आणि अंगठा उमटेना, असं होतं.

इथेच एक इशारा. काही व्हिडिओंमध्ये ‘एमएसकॉन्फिग’ उघडून बूटच्या पानावर प्रोसेसरची संख्या निवडायला सांगतात. त्याने वेग वाढत नाही. तिथे काही निवडलं नाही तर विंडोज सगळेच कोअर वापरतं. ती सोय उलट मर्यादा घालण्यासाठी आहे. शेजारच्या मेमरीच्या चौकोनात चुकीचा आकडा पडला तर आहे ती रॅमसुद्धा कमी वापरली जाते. दोन्ही खुणा काढून टाका.

सी ड्राइव्ह भरलाय का?

आपल्याकडे असेंबल केलेल्या मशीनमध्ये डिस्कचे तीन-चार भाग पाडायची जुनी सवय आहे. सी ला शंभर जीबी, आणि डी, ई वर मुलांची नावं. मग होतं असं की डी रिकामा पडलेला असतो आणि सी लाल झालेला. डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स हे सगळं सी मध्येच असतं हे लक्षात येत नाही.

सी मध्ये निदान पंधरा-वीस टक्के जागा मोकळी हवी. रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये सामान ठेवतं. त्याला जागा लागते, अपडेटला लागते. शिवाय फिरत्या डिस्कचा बाहेरचा भाग वेगवान आणि आतला मंद असतो. भरत जाईल तशी नवी माहिती आतल्या मंद भागात जायला लागते. एसएसडीचंही तसंच, कारण वेगळं: काठोकाठ भरली की लिहायला मोकळे ब्लॉक मिळत नाहीत आणि लिहिण्याचा वेग पडतो.

सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग स्टोरेज, मग टेम्पररी फाइल्स. अपडेटचे उरलेले तुकडे, रिसायकल बिन, जुनं विंडोज हे काढायला हरकत नाही. पण त्याच यादीत ‘डाउनलोड्स’ अशीही एक ओळ असते. त्यावर खूण करण्याआधी दहा वेळा विचार करा. लोकांचे सातबारा, फेरफार, मुलांचे दाखले, बँकेची स्टेटमेंटं, सगळं त्याच फोल्डरमध्ये पडलेलं असतं, आणि तिथून उडवलेलं परत मिळेल या भरवशावर राहू नका.

एसएसडी असेल तर डीफ्रॅगच्या, म्हणजे विखुरलेले तुकडे एकत्र लावण्याच्या, नादी लागू नका. विंडोज तिची निगा स्वतःच ठरावीक दिवसांनी राखतं. ‘ऑप्टिमाइज ड्राइव्ह्ज’मध्ये शेड्युल चालू आहे एवढंच बघा.

डिस्कची तब्येत

ही तपासणी मी मुद्दाम व्हायरस स्कॅनच्या आधी ठेवली आहे. डिस्क मरायला टेकलेली असेल तर तासभराचा पूर्ण स्कॅन हाच तिच्यावरचा शेवटचा घाव ठरू शकतो.

क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट मिळणारं छोटं सॉफ्टवेअर त्याच्या अधिकृत ठिकाणाहून घ्या. उघडल्यावर वर निळा, पिवळा किंवा लाल रंग दिसतो. निळा म्हणजे ठीक. पिवळा दिसला तर खालच्या यादीत ०५, सी५ आणि सी६ या ओळी शोधा. ०५ म्हणजे खराब झालेले आणि राखीव जागेत हलवलेले सेक्टर. सी५ म्हणजे वाचता येत नाहीत म्हणून संशयित ठरलेले, आणि सी६ म्हणजे दुरुस्त न झालेले. ०५ मध्ये छोटा आकडा असून तो महिनोन्‌महिने तसाच राहिला, तर मी लगेच घाबरत नाही. सी५ शून्य नसेल आणि दर आठवड्याला वाढत असेल, तर त्या डिस्कवर एक दिवसही विसंबू नये. डिस्क अशी अडली की तोच सेक्टर पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करत बसते, आणि तेवढा वेळ आख्खं मशीन गोठल्यासारखं वाटतं. “हँग होतो आणि आपोआप सुटतो” ही तक्रार बरेचदा हीच असते.

सी७ वाढत असेल तर जरा दिलासा आहे: त्यात दोष बहुतेक वेळा डिस्कचा नसून डेटा केबलचा असतो. डेस्कटॉप असेल तर साटा केबल बदलून बघा, ही या यादीतली सगळ्यात स्वस्त खरेदी. जुना आकडा शून्य होत नाही. वाढायचा थांबला म्हणजे काम झालं.

विंडोजची नोंदवही, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअर, उघडता येत असेल तर सिस्टिमच्या नोंदींमध्ये ‘डिस्क’ नावापुढे ७ किंवा १५३ क्रमांक वारंवार दिसतात का बघा. ७ म्हणजे बॅड ब्लॉक, १५३ म्हणजे मागितलेली माहिती मिळाली नाही म्हणून पुन्हा मागावी लागली.

संशय आला की क्रम एकच: आधी बॅकअप, मग बाकी सगळं. चेकडिस्क (विंडोजचाच डिस्क तपासून दुरुस्त करणारा प्रोग्राम) चालवा असा सल्ला हमखास मिळतो. पण दुबळ्या डिस्कवर बॅकअपच्या आधी ते चालवलं तर वाचवता आल्या असत्या अशा फाइलीही जातात.

ब्राउझर

यात फार शिजवण्यासारखं नाही. एक्स्टेन्शनच्या यादीत जा आणि जे ओळखता येत नाही ते काढा. कूपन शोधणारे, पीडीएफ बदलणारे, व्हिडिओ उतरवणारे आधी. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबलं की त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो. कोणता टॅब किती मेमरी खातो ते तिथे दिसतं. सेटिंगमध्ये मेमरी सेव्हर चालू ठेवा. कोपऱ्यात “तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस” अशा पाट्या येत असतील तर तो व्हायरस नसतो, कुठल्यातरी साइटला कधीतरी नोटिफिकेशनची परवानगी दिलेली असते. ती काढा.

अँटिव्हायरस आणि ‘बूस्टर’

एकावर एक दोन अँटिव्हायरस असले की प्रत्येक फाइल उघडताना दोघंही तपासणार. मशीनसोबत आलेला, मुदत संपलेला ट्रायल आणि दुकानदाराने टाकलेला दुसरा, अशी जोडी मी वरचेवर बघतो. दोन्ही काढले तर विंडोजचा डिफेंडर आपोआप चालू होतो. घरच्या वापराला तो पुरतो, असं माझं मत आहे. रजिस्ट्री क्लीनर, रॅम बूस्टर, ड्रायव्हर अपडेटर हे सगळं काढून टाका. त्यांनी वेग वाढलेला मी पाहिलेला नाही, स्टार्टअपमध्ये भर पडलेली मात्र नेहमी दिसते.

खरा मालवेअर बहुतेक वेळा क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरमधून आलेला असतो. मशीन नुसतं पडून असताना सीपीयू साठ-सत्तर टक्के, आणि टास्क मॅनेजर उघडताच आकडा एकदम खाली, असं दिसलं तर दुसऱ्याच कुणासाठी क्रिप्टो नाणी खणणारा प्रोग्राम आत बसलेला असू शकतो. विंडोज सिक्युरिटीमध्ये ऑफलाइन स्कॅनचा पर्याय आहे. त्यात मशीन रिस्टार्ट होऊन विंडोज सुरू व्हायच्या आधीच तपासणी होते, साधारण पंधरा मिनिटांत. लपलेल्याला पळायला जागा मिळत नाही.

कामाचंच ओझं

डीटीपीवाल्यांसाठी खास. लग्नपत्रिका, फ्लेक्स, स्मरणिका करणाऱ्यांच्या मशीनवर मराठी फॉन्टचा खजिना असतो. वेगवेगळ्या ऑपरेटरांनी आणलेले सगळेच्या सगळे फॉन्ट विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमध्ये ओतलेले असतात, त्यात अर्धे एकाच अक्षराच्या चार-चार नकला. कोरलड्रॉ किंवा पेजमेकर उघडताना ही सगळी यादी वाचत बसतं. रोज लागणारे पन्नास-शंभर ठेवा, बाकीचे डी ड्राइव्हवर फोल्डरमध्ये ठेवून लागेल तेव्हा टाका. विंडोजसोबत आलेल्या फॉन्टना हात लावू नका.

टॅलीवाल्यांनी बघायचं: एकाच कंपनीत किती वर्षांचा हिशोब साठलाय? डेटा स्प्लिट करायची सोय टॅलीतच आहे, पण आधी बॅकअप घ्या आणि शक्यतो तुमच्या टॅलीवाल्याला समोर बसवूनच करा. आणि फाइल एक्सप्लोरर उघडायलाच वेळ लागत असेल तर ‘धिस पीसी’मध्ये एखादा लाल फुली असलेला नेटवर्क ड्राइव्ह आहे का बघा. जुना सर्व्हर कधीच भंगारात गेला, पण हे मशीन अजून त्याला हाका मारत बसतं.

उष्णता आणि वीज

प्रोसेसर फार तापला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. लॅपटॉपच्या बऱ्याच इंटेल प्रोसेसरांची मर्यादा १०० अंश सेल्सियसच्या आसपास असते. कोअर टेम्पसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये तापमान दिसतं. साधं काम करताना नव्वदीत असेल तर हवा खेळत नाही.

का खेळत नाही ते उघडल्यावरच कळतं. पंख्याच्या पात्यांवर थोडी धूळ असते, ती काही नाही. पण पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या मधोमध, बाहेरून अजिबात दिसत नाही अशा फटीत, धुळीचा गोधडीसारखा जाड थर बसलेला असतो. चिमट्याने उचलला तर अख्खा पट्टा निघतो. पंखा जोरात फिरतो, आवाज करतो, हवा मात्र थरापलीकडे जात नाही. दुकानातल्या डेस्कटॉपची तऱ्हा आणखी वेगळी: डबा नेमका देव्हाऱ्याखाली ठेवलेला असतो, आणि उदबत्तीच्या धुराने धूळ चिकट होऊन बसते. पिठाची गिरणी, जिनिंग, रस्त्याचं काम जवळ असेल तर वर्षातून दोनदा साफसफाई लागते.

डेस्कटॉप घरी साफ करता येतो. प्लग काढा, बाजूचा पत्रा उघडा, गॅलरीत न्या आणि ब्लोअरने झटके देत धूळ उडवा. तेवढा वेळ पंख्यात काडी अडकवून ठेवा, तो फिरू देऊ नका; भन्नाट फिरला तर बेअरिंग जातं. घरचा व्हॅक्युम क्लीनर नको, त्याच्या नळीवर स्थिर वीज साठते. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट (उष्णता बाहेर नेणारा लेप) वाळली असेल तर बदलावी लागते. पूर्वी केलेलं नसेल तर ते काम माणसाकडून करून घ्या.

आता चार्जर. एका शिक्षकांचा लॅपटॉप दोन ठिकाणी फॉरमॅट होऊन, एसएसडी बसवून माझ्याकडे आला होता. “सर, नवी डिस्क टाकली तरी तसाच!” टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूचा वेग ०.७९ गिगाहर्ट्झवर खिळलेला, काही केल्या वर जाईना. चार्जर मूळचा नव्हता. काही लॅपटॉप पिनेच्या मधल्या बारीक तारेतून चार्जर किती वॉटचा आहे ते ओळखतात. ती खूण मिळाली नाही तर वीज अपुरी पडेल या धास्तीने प्रोसेसरला लगाम घालतात. चालू करताना बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर, चार्जरसमोर ‘अननोन’ लिहिलेलं होतं. योग्य चार्जर लावला आणि वेग जागेवर आला. मंद लॅपटॉप आणि थंड पंखा अशी जोडी दिसली की हे आधी बघा. पॉवर मोड ‘बेस्ट पॉवर एफिशियन्सी’वर राहून गेलाय का, तेही.

आता पैसे खर्चायची वेळ: एसएसडी, मग रॅम

इथपर्यंत सगळं करूनही डिस्कचा रकाना शंभरावर चिकटलेला असेल आणि तिच्या नावापुढे एचडीडी लिहिलेलं असेल, तर उपाय एकच आहे: एसएसडी. तिच्यात फिरणारं काही नाही, त्यामुळे विखुरलेल्या फाइली शोधायला लागणारा वेळ जवळपास संपतो. आठ-दहा वर्षांच्या मशीनला जेवढा फरक या एका बदलाने पडतो, तेवढा दुसऱ्या कशानेही पडत नाही. जुन्या साटा जोडणीची एसएसडी साधारण सेकंदाला ५०० एमबी देते, नव्या एनव्हीएमई जोडणीची त्याच्या कित्येक पट. पण रोजच्या कामात एचडीडीवरून साध्या साटावर येणं हीच मोठी उडी आहे. मदरबोर्डवर एम.२ खाच (पट्टीसारखी एसएसडी बसते ती) दिसली म्हणून एनव्हीएमई घेऊन येऊ नका, काही खाचा फक्त साटा प्रकारच्याच असतात. मदरबोर्डचं किंवा लॅपटॉपचं माहितीपत्रक बघा. नाव-गाव नसलेली स्वस्त एसएसडी टाळा. चांगल्या कंपनीची असली तरी बॅकअप चालू ठेवा: हार्ड डिस्क निदान कुरकुर करून मरते, एसएसडी बहुधा न सांगता जाते.

मेमरीचा रकाना ऐंशी-नव्वदच्या वर राहत असेल तर रॅम. विकत आणण्याआधी दोन गोष्टी. परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा, ‘स्लॉट्स यूज्ड’ दिसेल: दोनपैकी एक असेल तर दुसरी पट्टी लावता येते. आणि सेटिंग्जमध्ये अबाउट उघडून विंडोज ३२ बिट आहे का ६४ ते बघा. ३२ बिट विंडोज चार जीबीच्या पुढे जातच नाही, मग कितीही पट्ट्या लावा. जुन्या असेंबल मशीनवर हे हमखास सापडतं. डीडीआर३ आणि डीडीआर४ एकमेकांच्या खाचेत बसत नाहीत, आणि लॅपटॉपची पट्टी आखूड असते. जुनी पट्टी काढून दुकानात सोबत नेणं सगळ्यात बरं.

फॉरमॅट, शेवटी

डिस्क चांगली, रॅम पुरेशी, मशीन थंड, आणि तरीही मंद. आता विंडोज नव्याने टाकायला हरकत नाही. टॅली असेल तर आधी लायसन्स सरेंडर करा. पासवर्ड आणि बुकमार्क खात्यात सिंक झालेत का बघा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, म्हणून टाकायचंच तर ११ टाकावंसं वाटतं. पण त्याला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) लागतं आणि इंटेलचे सर्वसाधारणपणे आठव्या पिढीपासूनचेच प्रोसेसर चालतात. जुन्या, चार जीबीच्या, हार्ड डिस्कवाल्या मशीनवर जुगाड करून ११ बसवून देणारे भेटतात. नको. अशा मशीनवर फक्त ब्राउझर आणि टायपिंग करायचं असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम जास्त सुखाने चालते.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

- डिस्कमधून टकटक किंवा करकर आवाज येतोय आणि आतला डेटा दुसरीकडे कुठेच नाही. लगेच बंद करा, पुन्हा चालू करून बघू नका. प्रत्येक वेळी डोकं तबकडी खरवडू शकतं. हे काम साध्या दुरुस्तीवाल्याचंही नाही, डेटा रिकव्हरीवाल्याकडेच न्या.
- टचपॅड वर उचललाय किंवा लॅपटॉपचं झाकण नीट बसत नाही. बॅटरी फुगली आहे. चार्जिंग बंद, दाबायचं नाही, टोचायचं नाही.
- डब्याला हात लावला की झिणझिण्या येतात किंवा जळका वास येतो. दोष अर्थिंगचा किंवा एसएमपीएसचा, म्हणजे आतल्या वीज पुरवणाऱ्या डब्याचा. वायरमन आधी, कॉम्प्युटरवाला नंतर. एसएमपीएस स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही आत चार्ज राहतो.
- फाइलींची नावं आपोआप बदलली आणि पैसे मागणारी चिठ्ठी दिसते. नेटची वायर काढा आणि काही पुसू नका.
- सुरू होताना निळ्या पडद्यावर बिटलॉकरची (डिस्कला लावलेल्या विंडोजच्या कुलुपाची) ४८ आकडी की मागतोय. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात शोधा. कुणी “फॉरमॅटने सुटेल” म्हटलं तर सुटेल, डेटासकट.

दुकानात देताना मॉडेल, रॅमची पट्टी आणि डिस्कचा सिरियल नंबर पावतीवर लिहून घ्या. सिरियल नंबर क्रिस्टलडिस्कइन्फोमध्येच दिसतो. “फॉरमॅट करा” असं सांगू नका, कधी आणि कशावर अडतो ते सांगा आणि टास्क मॅनेजरचा मोबाइलवर काढलेला फोटो दाखवा. डिस्क बदलली तर जुनी परत मागून घ्या. तिच्यात तुमच्या आधारच्या, पॅनच्या आणि पासबुकांच्या प्रती असतात. सी५ शून्य असेल तर यूएसबी केसिंगमध्ये घालून ती जादा कॉपी ठेवायला चालते. शून्य नसेल तर डेटा काढून घ्या आणि भंगारात देण्याआधी तबकडीला ड्रिलने भोक पाडा.